नावाडणीचा चेहरा

भोरच्या वाचनालयात त्या कादंबरीची एकच प्रत होती आणि तिची पहिली सोळा पानं गळालेली होती. त्यामुळे ती गोष्ट भोरमध्ये सगळ्यांसाठी सतराव्या पानापासूनच सुरू व्हायची. पुस्तक घरी नेणाऱ्याची नोंदवहीत सही घेता घेता ग्रंथपालकाका आधीचं तोंडी सांगायचे. "एक देश आहे. नुसती डोंगरांची शिखरं, आणि मधल्या दऱ्यांत ढग भरलेले. त्या ढगांवरून माणसं होडीनं ये-जा करतात. एक नावाडीण होडी घेऊन निघालीय. एवढं धरा आणि पुढं वाचा."

मी तेवढं धरलं आणि पुढं वाचलं. मग परत वाचलं. किती वेळा ते आता सांगता येणार नाही, पण नोंदवहीत त्या पुस्तकापुढे माझीच सही एकाखाली एक दिसायला लागली तेव्हा काका म्हणाले, "पोरी, हे पुस्तक तू वाचतेस की राखतेस?"

आमचं गाव वेल्ह्याच्या डोंगरात, पानशेतच्या पाण्याकडे उतरणाऱ्या अंगाला. श्रावणात सकाळी दारात उभं राहिलं की खालचं सगळं खोरं पांढऱ्या ढगांनी काठोकाठ भरलेलं असतं आणि समोरच्या डोंगराचा फक्त माथा वर दिसतो. आईचं माहेर पाण्याच्या पलीकडे. धरणाचं पाणी चढल्यापासून तिला माहेरी होडीनंच जावं लागतं, आणि होडीवाला जेवायला गेलेला असला तर ती स्वतः वल्हं घेते. तेव्हा ढगांवरून होडी चालवणारी बाई मला नवलाची वाटलीच नाही. ते पुस्तक अद्भुत आहे, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

सतराव्या पानापासून शेवटपर्यंत नावाडीण कशी दिसते हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती काय करते ते होतं. वादळात वल्हं सोडत नाही, राजाला सुद्धा होडीत उभं राहू देत नाही, 'खाली बसा' म्हणते. चेहरा मात्र नव्हता. तो मी काढला. वहीच्या मागच्या पानांवर, आधी पेन्सिलीने, मग टाकाने. नाक आईसारखं, जरा बसकं. केसांचा घट्ट अंबाडा. लुगड्याचा काष्टा, कारण नऊवारीचा घोळ सोडून होडी चालवता येत नाही. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. सगळ्यात त्रास हातांनी दिला. सुट्टीत गावी गेले की आई भाकरी थापताना, सरपण फोडताना मी तिचे हात बघत बसायचे. "काय बघतीस गं? हात न्हाई का पायले कधी?" असं ती म्हणायची.

ही चित्रं मी कुणाला दाखवत नसे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. मामा भोरला भाताच्या गिरणीत कामाला, त्यांच्याकडे राहून शिकत होते. वहीत चित्रं आहेत हे मामींना कळलं असतं तर गावी निरोप गेला असता. पण लपवण्याचं खरं कारण ते नव्हतं, हे आता लिहायला हरकत नाही. नावाडीण माझी एकटीची आहे असं मला वाटत होतं.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या भित्तिपत्रकावर एक चित्र लागलं. भोवती मुलींची गर्दी. मी मागून टाचा उंच करून पाहिलं. पांढऱ्या ढगांवर एक होडी, आणि होडीत एक गोरीपान मुलगी. पिवळे मोकळे केस वाऱ्यावर उडताहेत, निळा पायघोळ झगा, आणि वल्हं दोन बोटांत, फूल धरावं तसं. खाली कादंबरीचं नाव आणि 'नावाडीण'.

चित्र चांगलं होतं. हे मला तिथेच, पहिल्या नजरेत कळलं. ढग असे ओले होते की बोट लावलं तर भिजेल. माझे ढग टाकाच्या रेघांचे होते. ते ढगांपेक्षा मेंढरांसारखे दिसायचे.

काढणारी होती आमच्याच वर्गातली, गावातल्या वकिलांची मुलगी. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेली. तिच्याकडे रंगांची पेटी होती, जाड कागद होता, पुण्याहून आणलेले ब्रश होते. ती तिथेच उभी होती आणि कुणीतरी कौतुक केलं की लाजत होती.

"वल्हं असं धरत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "दोन बोटांत धरलं तर हातातून जाईल."

"अगं, ढगावर कुठलं आलंय वजन?" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

वकिलांची मुलगी मात्र हसली नाही. ती गर्दीतून माझ्याकडे आली. "तू वाचलंयस ते? खरंच? मला वाटायचं भोरमध्ये मी एकटीच!"

मलाही तसंच वाटायचं. पण आपण एकट्या नाही हे कळल्याचा तिला आनंद झाला होता.

"वल्हं कसं धरतात ते दाखव ना मला," असं म्हणून तिने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. म्हणाले, "मला वाचनालयात जायचंय."

त्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवू लागले. तिच्याकडे त्या कादंबरीची स्वतःची प्रत होती, तिच्या काकांनी पुण्याहून आणलेली, वरच्या रंगीत वेष्टनासकट. मी दर पंधरा दिवसांनी सही करून आणत होते ते पुस्तक तिच्या कपाटात कायमचं होतं. ती वर्गात म्हणायची, "आमचे बाबा म्हणतात, त्या लेखकाचं हे सगळ्यात चांगलं पुस्तक." पुस्तकावर बोलणारे वडील! माझे वडील माझी वही उचलून फक्त वजन बघायचे आणि म्हणायचे, "लई लिवलंस की." मला ते आवडायचं. पण तिचं ऐकल्यापासून ते आठवलं की त्यांचा नाही, स्वतःचाच राग यायचा. ती भेटली की हसायची, मी मान हलवायचे. ती वाईट असती तर बरं झालं असतं. मला तिचा दुस्वास करायला काहीतरी कारण मिळालं असतं.

आता काकांविषयी थोडं सांगायला हवं. काका जुन्या संस्थानच्या कचेरीत नकलनवीस होते, म्हणजे मूळ कागदांच्या प्रती लिहिणारे. संस्थान गेलं तरी कचेरीच्या सवयी त्यांच्यात राहिल्या. एखाद्या पुस्तकाची पानं गळाली की ते पुस्तक रद्दीत घालत नसत. कुणाकडून तरी दुसरी प्रत मिळवायची, गेलेली पानं हाताने लिहून काढायची आणि बाइंडरकडून आत शिवून घ्यायची. शेवटच्या पानाच्या तळाशी, कचेरीतल्या कागदावर लिहीत तसं, 'अस्सलबरहुकूम नक्कल' असं लिहायचं. म्हणजे मुळात होतं तसंच अक्षरन् अक्षर उतरवलं आहे. त्याखाली लिहिणाऱ्याची सही. काकांची नजर अधू झाल्यामुळे जुलैपासून हे काम मी करत होते. माझ्या अक्षरावर ते खूष होते. "छापल्यासारखं आहे," म्हणायचे. "फक्त लेखकाला शहाणपण शिकवायचं नाही. त्याने चूक केली असेल तर आपणही तीच चूक करायची."

गणपती झाल्यावर काका म्हणाले, "तुझ्या त्या ढगांच्या पुस्तकाला आता बांधून घ्यायचं. वकिलांकडे प्रत आहे असं कळलं. त्यांची मुलगी देतेय. सोळा पानं तू लिहून काढ. आणि पुठ्ठ्यावर एक चित्र चिकटवू. तिने काढलेलं आहेच म्हणे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे पण आहे."

"काय?"

"चित्र. नावाडणीचं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तूही आण. पुस्तकात लिहिलंय तसं ज्याचं असेल ते लावू. उगाच वाचकाने आत एक वाचायचं आणि बाहेर एक बघायचं, असं नको."

हे रास्त होतं. मी घरी जाऊन चार दिवस माझं सगळ्यात चांगलं चित्र परत काढलं. भोरच्या सगळ्या वाचकांच्या हातात यापुढे कुठली नावाडीण जाणार, माझी की तिची, हे त्या एका चित्रावर ठरणार होतं. मला वाटत होतं की माझीच जाणार. पुस्तक मी राखलं होतं.

वकिलांच्या मुलीची प्रत काकांनी माझ्या हातात दिली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून दोन दुपारी मी सोळा पानं उतरवत होते. पहिल्यांदाच सुरुवात वाचत होते आणि एकेका वाक्याला थांबत होते. अकराव्या पानावर नावाडीण पहिल्यांदा दिसते. तिथे तीन वाक्यं होती.

'तिचा वर्ण केतकीसारखा होता. कापणीला आलेल्या भातासारखे तिचे केस पाठीवर मोकळे सुटले होते. तिची बोटे इतकी नाजूक होती, की त्यांनी कधी वल्हे धरले असेल असे कुणाला वाटू नये.'

मी ती पुन्हा वाचली. शाई टाकाच्या टोकाशी सुकली.

म्हणजे वकिलांच्या मुलीने पुस्तकाबरहुकूम काढलं होतं. दोन बोटांतलं वल्हंसुद्धा. भित्तिपत्रकापुढे सगळ्यांच्या देखत मी तिची चूक काढली, तेव्हा ती म्हणू शकली असती, 'पुस्तकात असंच आहे.' ती म्हणाली नव्हती. मला वाटलं, तिने मला अडाणी समजून सोडून दिलं होतं. आता वाटतं, तिला कदाचित खरंच वल्हं कसं धरतात ते हवं होतं. पण त्या दुपारी मला एवढंच दिसत होतं, की पुस्तकाने सुद्धा तिचीच बाजू घेतली. आणि उपमा तरी कसली, तर कापणीला आलेला भात! भात आम्ही लावायचा, आम्ही कापायचा, आणि त्याचा रंग जायचा तिच्या पिवळ्या केसांना.

मी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं.

'तिचा वर्ण सावळा होता. केस तिने घट्ट अंबाड्यात बांधले होते. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, आणि वल्हे धरून धरून तिच्या हातांना घट्टे पडले होते.'

 ओळी मुळापेक्षा फार लांबणार नाहीत याची मी काळजी घेतली. सोळाव्या पानाच्या तळाशी 'अस्सलबरहुकूम नक्कल' लिहिलं आणि सही केली.

शनिवारी काकांनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर दोन्ही चित्रं ठेवली. वकिलांच्या मुलीची प्रत तिला परत दिली आणि माझी पानं खिडकीशी नेऊन, डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचू लागले. अकराव्या पानावर आले.

"हनुवटीवर गोंदण?" काका थांबले. "ढगांच्या देशात गोंदायला कोण गेली होती?"

मी खाली बघत होते.

"असेल. लेखक आपल्याकडचाच म्हणायचा." त्यांनी पुढचं वाचलं, मग माझं चित्र उचललं. सावळी, अंबाडा, तीन ठिपके. "ही तर मोजून काढलीय."

वकिलांच्या मुलीच्या हातात तिची प्रत होती. फक्त अकरावं पान उघडायचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं असं मला वाटलं. मग पुस्तक छातीशी धरलं. "माझ्या लक्षात चुकीचं राहिलं असेल, काका," ती म्हणाली. "तिचं लावा."

मी जिंकले होते आणि मला तिचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटत होता. इतकं सहज सोडून देता यायला माणसाकडे किती काय असावं लागत असेल, असं काहीतरी मनात येत होतं.

पुस्तक बांधून आलं. काळा कापडी कणा, जाड पुठ्ठा आणि त्यावर माझी नावाडीण. पहिल्याच आठवड्यात ते दोघांनी नेलं. त्याच आठवड्यात आई आली, मामींसाठी आंबेमोहोराचे तांदूळ आणि माझ्यासाठी कुरडया घेऊन. एसटीने अंग अवघडलेलं, तरी मी तिला आधी वाचनालयात नेलं. ती उंबऱ्याबाहेर वहाणा काढून, पदर सारखा करून आत आली, देवळात यावं तशी. मी पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिला वाचता येत नाही. तिने पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग चित्र जवळ धरलं, मग लांब धरलं.

"आगं, ही तर म्याच की!"

"जरा जरा," मी म्हणाले.

"जरा कशाची, नाक बग की. आन् हे गोंदान." तिने स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "तू काढलीस म्हून आशी हाय, का पुस्तकातच हाय अशी बाई?"

"पुस्तकातच आहे."

"आमच्यावानी?"

"व्हय."

"छापल्याली?"

मला 'हाताने लिहिलेली' असं म्हणता आलं असतं. मी मान हलवली.

आईने पुस्तक टेबलावर हळूच ठेवलं आणि काकांना हात जोडले. "मास्तर, लई चांगलं पुस्तक हाय तुमचं," असं म्हणाली. एसटी स्टँडवर वेल्ह्याकडच्या बायका भेटल्या तर त्यांनाही सांगत होती, "आपल्यासारक्या बायकांचं पुस्तक निगालंय. होडी चालवती, राजाला बी बस खाली म्हंती." गाडी हलली तरी खिडकीतून तिचं बोलणं चालूच होतं. मी हात हलवत राहिले. 

वकिलांच्या मुलीने तोवर मला काहीही विचारलं नव्हतं. सोमवारी कॉलेज सुटल्यावर ती माझ्याबरोबर चालू लागली.  पुलावर ती म्हणाली, "तीन वाक्यं बदललीस तू."

मी चालायची थांबले.

"मला चित्राचं काही नाही. चित्र मी दुसरं काढेन. पण मागच्या वर्षी माझी आई गेली तेव्हा मी ते पुस्तक रोज वाचत होते. पहिलं प्रकरण तर पाठ आहे मला." ती कठड्याला टेकून खाली नीरेकडे बघत होती. "तुला ती तुझी वाटते, ते मला कळलं. पण ती माझी पण होती गं."

तिची आई गेल्याचं वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी तिची रंगपेटी पाहिली होती, ब्रश पाहिले होते, वडिलांचं बोलणं ऐकलं होतं. हे मात्र मी हिशेबात धरलंच नव्हतं.

"मग त्या दिवशी काकांना का नाही सांगितलंस?"

"तूच सांगशील असं वाटलं," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकांपुढे उभी राहिले आणि सांगितलं. सांगताना दोनदा चुकले. काकांनी पुस्तक मागवलं, सोळावं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"वाच. तळाचं."

"अस्सलबरहुकूम नक्कल."

"सही कुणाची?"

"माझी."

"तीस वर्षं मी हे शब्द लिहिले," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "माणसांच्या जमिनी त्या शब्दांवर उभ्या असायच्या. ही गोष्ट आहे, जमीन नाही, असं वाटलं तुला?"

"नाही."

"मग?"

"तिचं चित्र माझ्यापेक्षा चांगलं होतं," मी म्हणाले. दुसरं खरं कारण माझ्याकडे नव्हतं.

काकांनी चष्मा पुसून परत लावला. मग त्यांनी कागदाची एक अरुंद पट्टी कापून माझ्याकडे दिली. शिवलेलं पान काढता येणार नव्हतं, म्हणून त्यावर शुद्धिपत्र चिकटवायचं होतं. मी पट्टीवर मूळची तीन वाक्यं लिहिली, केतकी, भात, नाजूक बोटं. खाली परत 'अस्सलबरहुकूम' लिहिलं. काकांनी या वेळी वकिलांच्या मुलीची प्रत मागवून, दोन्ही शेजारी ठेवून, अक्षरन् अक्षर तपासलं. मगच मला सही करू दिली.

"आणि चित्र?" मी विचारलं.

काकांनी पुठ्ठ्याचा कोपरा नखाने उचलून पाहिला. "बाइंडरची खळ आहे, घट्ट बसलेली. हे आता निघायचं नाही. तिचं चित्र यावरच चिकटवू."

मी हे वकिलांच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. जुनं चित्र तिलाच आवडेनासं झालं होतं. "केस हळदीसारखे झालेत माझे. कापणीला आलेला भात असा नसतो ना?"

"नसतो."

"मग कसा असतो?"

दिवाळी होऊन गेली होती. रविवारी मी तिला उत्रोलीकडे घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी आंबेमोहोर उभा होता, वास येत होता. ती बांधावर बसली, मांडीवर कागद, शेजारी रंगांची पेटी आणि डब्यात पाणी. पिवळा घेतला, तांबूस मिसळला, बघितलं, हिरमुसली. "नाही जमत. तू कर."

मी तिचा ब्रश पहिल्यांदा हातात घेतला. भात पिवळा नसतो. लोंबीच्या टोकाला मातकट, खाली जरा तांबूस, आणि पानाच्या मधोमध अजून थोडा हिरवा शिल्लक असतो. त्या हिरव्याचा एक थेंब पडल्याशिवाय तो रंग येत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला शिकवावं लागलं नव्हतं. मी मिसळत गेले. एकदा काळपट झाला, टाकून दिला. मग आला.

"हाच!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की खाचरातला माणूस मान वर करून बघू लागला.

"काय गावलं गं पोरींनो?"

"रंग!" ती म्हणाली.

"मग घ्या की. हितं लई हाय."

तिने त्या रंगाने केस रंगवले. वल्हं दोन बोटांतच ठेवलं, पुस्तकात होतं तसं. "हे चूक आहे, आता मलाही कळतंय," ती म्हणाली. "पण लेखकाने केलीय ना." चित्र सुकेपर्यंत आम्ही बांधावर बसलो. ते फार सुंदर झालं होतं. त्यातली सगळ्यात खरी गोष्ट मी केली होती, आणि चित्र तिचं होतं. मी तिला 'छान झालंय' म्हणाले. मनापासून म्हणाले, आणि म्हणतानाच मला तिचा पुन्हा हेवा वाटला.

ते चित्र माझ्या चित्रावर चिकटवलं गेलं.

आईला हे सांगायला मी पुढच्या सुट्टीपर्यंत थांबले. ती तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. पुस्तकात बाई गोरी आहे, मोकळ्या केसांची आहे, गोंदण मी घातलं होतं आणि खोटं लिहिलं होतं. सुपाचा आवाज थांबला. मला वाटलं ती रागावेल, किंवा स्टँडवरच्या बायका आठवून खजील होईल.

"मंजी तुजीच हुती ती," ती म्हणाली. "पुस्तकातली न्हवती."

"नव्हती."

"आन् आता तिच्यावर दुसरी डकावली."

"हो."

"पर खालची हाय न्हवं तितंच? काडून न्हाई ना टाकली?"

"आहे. ती निघतच नाही."

"मग झालं," आई म्हणाली आणि सूप परत हलायला लागलं.

आईचं झालं. आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पुण्यात आहे. वकिलांची मुलगी चित्रकलेच्या शाळेत आहे, तिची पत्रं येतात, समासात कायम काहीतरी काढलेलं असतं आणि ते कायम माझ्यापेक्षा चांगलं असतं. मी पत्रं जपून ठेवते. सुट्टीत भोरला गेले की वाचनालयात जाते, कपाटातून ते पुस्तक काढते. त्याचा पुठ्ठा इतरांपेक्षा जरा जाड लागतो. कोण कोण वाचून गेलं ते नोंदवहीत बघते. काका आता सुरुवात तोंडी सांगत नाहीत, त्याची गरज राहिली नाही.

मागच्या खेपेला पाहिलं तर वरच्या चित्राचा उजवा कोपरा जरा सुटला होता. त्याखालून टाकाची एक काळी रेघ दिसत होती. माझ्या वल्ह्याचं टोक. खळ आणून तो कोपरा दाबायला हवा होता, ते काम माझंच आहे. काका आतल्या खोलीत होते. मी नखाने तो थोडा आणखी उचलला आणि पुस्तक परत कपाटात ठेवलं.